उभे गवत आणि गावाचा कायदा

खानापूर तालुक्याला दोन मुखे आहेत. पूर्वेकडचे बिडी-इटगीच्या बाजूचे मुख उघड्या माळाचे व शेतीचे. पश्चिमेकडचे जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या बाजूचे मुख सह्याद्रीच्या दाट रानाचे. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि भीमगडाच्या परिसरातून म्हादई गोव्याकडे उतरते. पावसाळ्यात या पश्चिम भागात पाऊस कोसळू लागला म्हणजे वाटा हरवतात आणि बांध, माळ, ओसाड वाफे, सडकेची कड, सारे गवताखाली जाते. दिवाळीपर्यंत हे गवत पुरुषभर उंच होते. मार्गशीर्ष-पौषात ते पिवळे पडते आणि होळीच्या सुमारास त्याचा रंग पार उडून ते नुसते सरपण होऊन राहते. पावसाने जे दिले, ते अग्नीच्या स्वाधीन होण्यास मग एक ठिणगी पुरते.

म्हणून गवताचा प्रश्न हा केवळ स्वच्छतेचा किंवा शोभेचा प्रश्न नव्हे. वेळेवर कापलेले गवत हे धन असते. गुरांना वैरण, घराला छप्पर आणि गोठ्याला आडोसा त्यातूनच मिळतो. उभे राहिलेले गवत मात्र कोणाचेच नसते, आणि जे कोणाचेच नसते त्याची आग सर्वांची होते. ते कोणी कापावे, केव्हा कापावे, कोठे रचावे आणि त्याच्या जवळ विस्तव नेण्याचा अधिकार कोणास असावा, याविषयी मानवी समाजाने फार प्राचीन काळापासून नियम केले आहेत. त्या नियमांचा इतिहास पाहिला तर राज्यकर्ता आणि रयत यांच्या नात्याचाच एक इतिहास समोर उभा राहतो.

या इतिहासाचे पहिले पान कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. हा ग्रंथ शतकानुशतके अज्ञात होता. म्हैसूरच्या ग्रंथालयात पंडित शामाशास्त्री यांना तो १९०५ मध्ये उपलब्ध झाला आणि १९०९ मध्ये त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. नगराधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना कौटिल्य आगीच्या बंदोबस्ताला मोठे स्थान देतो. उन्हाळ्यात भर दुपारी चूल पेटवू नये. घरोघर पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, आकडा अशी साधने सिद्ध ठेवावीत. गवताची व चटयांची छपरे काढून टाकावीत. रस्त्यांवर पाण्याचे घडे ओळीने मांडून ठेवावेत, असे त्याचे सांगणे आहे. शेजारी आग लागली असता जो घरमालक विझविण्यास धावत नाही त्यास दंड आहे; भाडेकऱ्यासही आहे, पण तो निम्मा. मालकी अधिक तेथे जबाबदारी अधिक, हे सूत्र त्या प्राचीन दंडनीतीत असे स्पष्ट उमटलेले दिसते.

मराठी भाषेत गवत आणि आग यांविषयी जी आज्ञा सर्वांत हृद्य म्हणावी लागेल, ती छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आहे. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीच्या काळातील हे पत्र चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून आहे. पावसाळ्यासाठी दाणा व वैरण यांचा साठा केलेला आहे, तो जपून वापरावा, रयतेस उपद्रव देऊ नये, हा पत्राचा सर्वपरिचित भाग होय. परंतु त्याच पत्रात आगीविषयी जी ताकीद आहे ती तितकीच विचार करण्याजोगी आहे. कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी शेकोटी करील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. गवत पसरले आहे, वारा सुटला आहे, याचे भान कोणास राहणार नाही आणि एका छपराची आग साऱ्या छावणीत पसरेल, असा इशारा महाराज देतात. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, येथवर त्यांची दृष्टी पोहोचते.

या पत्रातील खरा राजकारणी विचार त्यापुढे आहे. आग लागून गेल्यावर कोणास कितीही कठोर शिक्षा केली, तरी त्या शिक्षेतून जळालेल्या घराचे एक लाकूडही पुन्हा मिळणार नाही, असे महाराज बजावतात. म्हणून वरिष्ठांनी स्वतः फिरत राहून पाहणी करावी, अशी त्यांची आज्ञा आहे. शिक्षेपेक्षा आधीची देखरेख श्रेष्ठ आणि ती देखरेख कनिष्ठांवर न सोपविता प्रमुखांनी स्वतः करावी, हे तत्त्व येथे साध्या भाषेत सांगितलेले आहे. आजच्या कोणत्याही अग्निशमन नियमावलीचा पाया याहून निराळा नाही.

मराठ्यांच्या राजनीतीवरील आज्ञापत्र हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा असून तो रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. दुर्गप्रकरणात तेथेही गवताचा विषय आला आहे. तटाच्या भिंतीत रुजलेली झाडे वेळच्या वेळी तोडावीत आणि तटावरचे व तटाखालचे गवत जाळून गड साफ करून घ्यावा, असा तेथील उपदेश आहे. वाढलेल्या गवतात शत्रू लपू शकतो, मुळे दगड फोडतात आणि अवचित लागलेली आग वस्तीत शिरू शकते. एका कृतीने तिन्ही भये टळतात. भीमगडासारख्या रानाने वेढलेल्या किल्ल्याकडे पाहिले म्हणजे या सूचनेचे मर्म ध्यानी येते. छावणीत विस्तवाला मज्जाव आणि गडावर मात्र विस्तवाचीच योजना, यात विसंगती नाही. आगीला आगीनेच अडवावे लागते, पण ती आग ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आणि माणसाच्या हुकमतीत असली पाहिजे, हेच दोन्हींचे तात्पर्य.

हे शास्त्र सह्याद्रीतील शेतकऱ्यालाही ठाऊक होते. भाताच्या किंवा नाचणीच्या रोपवाटिकेसाठी जमिनीच्या तुकड्यावर टहाळ, पालापाचोळा, शेण व गवत पसरून ते जाळावयाचे, याला राब म्हणतात. त्याहून मोठ्या प्रमाणावर चालणारी पद्धत म्हणजे कुमरी. डोंगरउतारावरची झाडे तोडावयाची, ती वाळू द्यावयाची, पावसाच्या तोंडावर पेटवून त्या राखेत नाचणी पेरावयाची आणि एकदोन पिके घेऊन तो तुकडा अनेक वर्षे पडीक सोडावयाचा, असा तिचा क्रम असे. खानापूरच्या पश्चिमेकडील रानातही कुमरी चालत असे. कुमरी जाळण्यापूर्वी भोवतालचे गवत साफ करून आग बाहेर जाऊ न देणे, वारा पडलेला असताना पेटविणे, सारी वाडी मिळून उभी राहणे, हे सारे करणे भाग होते. कारण शेजारचा तुकडा पुढील वर्षांच्या अन्नाचा असे. हा कायदा कोठे लिहिलेला नव्हता. पण तो मोडणाऱ्यास उपासमारीची शिक्षा होती.

एकोणिसाव्या शतकात या रानावर नवा धनी आला. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ मध्ये नेमणूक झाली. जहाजांना आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड हवे होते. कुमरी ही सरकारच्या दृष्टीने लाकडाची नासाडी होती. शेजारचा कानडा जिल्हा त्या वेळी मद्रास इलाख्यात होता. तेथे १८६० मध्ये सरकारी रानात पूर्वपरवानगीवाचून कुमरी करण्यास मनाई झाली. मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात १८६४ पासून कर्नल पिअर्सन यांनी वणव्यापासून संरक्षणाचा पद्धतशीर प्रयोग आरंभिला आणि तो यशस्वी ठरल्यावर जाळरेषांची पद्धत देशभर पसरली.

जाळरेषा म्हणजे रानातून काढलेला मोकळा पट्टा. पाऊस संपल्यावर त्या पट्ट्यातील गवत कापावयाचे, ते अर्धवट वाळले की सकाळ-संध्याकाळच्या थंड व निवाऱ्याच्या वेळी जाळून टाकावयाचे आणि नंतर पडणारा पाला उन्हाळाभर झाडून काढावयाचा. वणवा या पट्ट्यापर्यंत आला म्हणजे त्याला पुढे खाद्य मिळत नाही. महाराष्ट्रात आजही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात आणि जाळरेषा त्यापूर्वी सिद्ध व्हाव्यात अशी अपेक्षा असते. तत्त्व तेच, गडावरच्या तटाखालचे. फरक एवढाच की, गड ज्यांचा होता तेच गवत जाळीत होते. येथे रान सरकारचे झाले आणि राबणारे हात मात्र गावाचे राहिले.

१८७८ च्या वन कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या १९२७ च्या कायद्याने हे नाते शब्दबद्ध केले. राखीव रानात आग लावणे, रानास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे किंवा जळता सोडून जाणे, वन अधिकाऱ्याने जाहीर केलेल्या काळाव्यतिरिक्त विस्तव घेऊन जाणे, हे सारे अपराध ठरले. १९२७ च्या कायद्यात त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड आणि शिवाय नुकसानभरपाई अशी तरतूद होती. रानात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क असणाऱ्या प्रत्येकाने वणवा विझविण्यास धावणे बंधनकारक होते. न धावल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होता. येथवर कौटिल्याचीच आठवण होते. परंतु कायदा तेथे थांबला नाही. रानात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर त्या भागातील चराईचे व वनोपजाचे सारे हक्क सरकारला वाटेल तितका काळ स्थगित करता येत असत. आग लावणारा एक. शिक्षा साऱ्या गावच्या गुरांना.

या तरतुदीचा परिणाम उलटा होणे अटळ होते. ज्याला रानातून काही मिळावयाचे नाही, त्याला रान वाचविण्याची आस्था कोठून यावी? ठाणे-कुलाबा भागात राबासाठी टहाळ तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा इतका असंतोष माजला की, मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. कुमाऊँच्या डोंगरांत १९२१ मध्ये लोकांनी सरकारी चीडवने पेटवून दिली. वेठबिगार आणि जंगलाचे कडक नियम यांविरुद्धचा तो उद्रेक होता. १९३० च्या जुलै महिन्यात वऱ्हाडातील पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला. या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. गवत कापणे हाच तेथे कायदेभंग होता. जे गवत कापले तर वणव्याचे भय कमी होते आणि गुरांचे पोट भरते, त्याच गवताला विळा लावणे हा अपराध ठरावा, याहून कायद्याची आणि निसर्गाची फारकत ती कोणती?

शास्त्रज्ञांनाही पुढे शंका येऊ लागल्या. ब्रह्मदेशातील सागवानी जंगलांत आगीला सर्वस्वी मज्जाव केल्यावर साग नैसर्गिकरीत्या रुजेना, असा अनुभव आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कित्येक रानांतून संपूर्ण अग्निबंदीचे धोरण मागे घ्यावे लागले. अर्थात् यावरून वणवा हितकारक ठरत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीचा वणवा कोवळी रोपे मारतो, पाचोळ्याचे आच्छादन जाळतो, आणि पहिल्याच पावसात राख व माती वाहून नदीत जाते. खानापूरच्या रानात उघडी पडलेली माती मलप्रभेबरोबर सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणापर्यंत जाऊन पोहोचते. रानाचे नुकसान असे दूरच्या शेतकऱ्याचेही होते. मात्र लहान आग मुळीच नको म्हटले की वर्षानुवर्षे सरपण साचते आणि मग येणारी आग मोठी येते, हा धडा जगभरच्या वनशास्त्राने घेतला.

१८८० नंतरच्या दशकात लोंढ्याच्या रानातून सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग गेला आणि गोव्याकडील मार्ग त्याला जोडला गेला. वाफेच्या इंजिनाची ठिणगी आणि रुळाकडेचे वाळके गवत ही जोडी साऱ्या जगात कुप्रसिद्ध होती. इंग्लंडात तर ठिणग्यांनी जळालेल्या पिकांची भरपाई शेतकऱ्यांना मिळावी म्हणून १९०५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

रान सोडून वस्तीकडे वळले, तर तेथे नियमांची दिशा निराळी दिसते. बेळगावची लष्करी छावणी १८३२ ची. शहराची नगरपालिका १८५१ ची. निपाणीची १८५४ ची. छावणीत दारूगोळा व घोड्यांची वैरण जवळजवळ असल्यामुळे गवताविषयीचे नियम कडक असणे स्वाभाविकच होते. १९२४ च्या छावणी कायद्यानुसार लाकूड, वाळके गवत, पेंढा यांचे ढीग रचण्यास, गवती झोपड्या उभारण्यास आणि ठराविक जागी विस्तव पेटविण्यास बंदी करण्याचा अधिकार छावणी मंडळास होता. लंडन शहराने १२१२ च्या भीषण आगीनंतर बोरू-पेंढ्याची छपरे बंद केली होती. त्याच विचाराने इकडेही गवती छपरे हळूहळू नाहीशी होऊ लागली.

पण केवळ मनाईने छप्पर बदलत नाही. बदलासाठी पर्याय हाती असावा लागतो. तो पर्याय मंगळूरी कौलाने दिला. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि काही दशकांत ही लाल कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर पसरली. खानापूरची माती तर कुंभारकामासाठी नामांकित आहे. येथेही कौलांचे कारखाने उभे राहिले आणि १९५४ मध्ये ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था येथे स्थापन झाली. ज्या गावांत एका चुलीची ठिणगी साऱ्या आळीची राख करीत असे, तेथे कौलांनी जे अभय दिले ते कोणत्याही दंडाने दिले नव्हते.

मात्र या सुधारणेची एक बाजू कोणाच्या ध्यानी आली नाही. घर कौलारू झाले म्हणजे छपरासाठी गवत कापणारा विळा थांबला. पुढे गुरे कमी झाली, नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, तरुण मंडळी बेळगाव, गोवा, पुणे, मुंबई येथे कामाला गेली आणि डोंगराकडील कित्येक वाफे पडीक राहिले. गवत मात्र दरवर्षी तितकेच उगवते. त्यात घाणेरी आणि रानमोडी ही परकी झुडपे माजली. गाजर गवत तर पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले आणि बघता बघता देशभर पसरले. कर्नाटक सरकारने १९७५ मध्ये शेतीवरील कीड व रोगांच्या कायद्याखाली त्यास उपद्रवी तण म्हणून घोषित केले. १९८४ मध्ये मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे बंगळूर येथे त्यावर सोडण्यात आले. जे गुरे खात नाहीत आणि माणूस कापीत नाही, ते उभ्यानेच वाळते.

हे संकट एकट्या खानापूरचे नाही. हवाई बेटांतील लाहैना हे गाव ऑगस्ट २०२३ मध्ये जळून खाक झाले आणि शंभराच्या आसपास माणसे दगावली. तेथील उसाचे जुने मळे बंद पडल्यावर त्या ओसाड जमिनीवर गिनी गवत माजले होते. आपल्याकडे वैरणीसाठी मुद्दाम लावतात तेच गवत. सोसाट्याच्या वाऱ्यात आग त्यावरून वस्तीत शिरली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात गोव्याच्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले आणि ते विझविण्यास वायुदलाची व नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. ते रान आणि खानापूरचे, २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले भीमगडचे रान एकमेकांना लागून आहे. राज्याची सीमा नकाशावर असते. वणव्याला ती दिसत नाही.

अशा स्थितीत आज कायदा काय सांगतो? आपल्या ताब्यातील ज्वालाग्राही वस्तूची पुरेशी काळजी न घेता माणसाच्या जिवास धोका होऊ देणे, हा १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि दंडाची मर्यादा १,००० रुपयांवरून २,००० झाली आहे. आग भडकविण्याजोग्या वस्तू हलविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांस आहे. रानाच्या बाबतीत कर्नाटकाचा १९६३ चा वन अधिनियम १९२७ च्या कायद्याच्या जागी आला. २००४ पासून उपग्रह वणव्याची खबर देतात. असे असूनही उन्हाळ्यात गवतगंजी पेटल्याच्या बातम्या थांबत नाहीत. वर्षाची वैरण एका तासात जाते. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत, त्याचा त्या दिवशी संसारच जळतो. माणसाच्या जिवावर बेतले नाही म्हणून अशी आग लहान मानण्याची चूक कायद्याने केली तरी गावाने करू नये.

इतिहासाने या बाबतीत जे शिकविले ते थोडक्यात सांगता येते. पहिली गोष्ट काळाची. गवताचा नियम मार्चमध्ये आठवून उपयोग नाही. तो कार्तिकात, गवत अजून ओले व विळ्याला मऊ असते तेव्हाच बजावला पाहिजे. दुसरी गोष्ट हक्काची. १९९३ मध्ये कर्नाटकाने संयुक्त वन व्यवस्थापनाचा आदेश काढून गाव वन समित्यांना रानाच्या उत्पन्नात वाटा दिला. १८७८ च्या कायद्याने गावाचे हक्क काढून घेऊन जे साधू पाहिले, ते हक्क देऊन साधण्याचा हा प्रयत्न होता. पडीक वाफ्यातील किंवा सडकेच्या कडेचे गवत ज्याला हवे त्याला कापून नेऊ दिले, तर ग्रामपंचायतीचा खर्च वाचतो आणि गवळ्याच्या गोठ्यात वैरण जाते. तिसरी गोष्ट भाषेची. पूर्वी आज्ञा दवंडीने गावच्या बोलीत कानी पडे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांना जी आश्वासने मिळाली, त्यांत अशा वस्तीच्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही देण्याचे तत्त्व मान्य झालेले आहे. खानापुरात कन्नड व मराठी बोलणारे शेजारी शेजारी राहतात; आगीची सूचना दोन्ही भाषांत असणे हा वादाचा विषय नसून सुरक्षिततेचा आहे. जो नियम वाचता येत नाही, तो पाळला जाण्याची अपेक्षा कशी करावी?

आणि शेवटची गोष्ट देखरेखीची. दंडाचा आकडा वाढवून गवत कमी होत नाही. पावसाळा सरल्यावर गावच्या प्रमुखांनी एकदा शिवारफेरी करावी, गंजी घरापासून व एकमेकींपासून दूर रचल्या आहेत की नाहीत ते पाहावे, विजेच्या तारांखालचे, शाळेमागचे, स्मशानवाटेचे गवत कोणी कापावयाचे हे नावानिशी ठरवावे. या कामाला मोठा निधी लागत नाही. विळे लागतात, चार दिवस लागतात, आणि हे गवत आपले आहे असे म्हणणारे कोणीतरी लागते.